पाण्यानं ओढलेली रेघ

"पाणी पडलं की वो मॅडम," गंगव्वा म्हणाली.
आणि मी, अकरा वर्षं या कोर्टात
मराठीचं कन्नड, कन्नडचं मराठी करणारी,
अडलो.

(आमच्या बेळगावाकडं बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो.
कन्नडात 'बंदे' म्हटलं की झालं,
आलेला कोण, बाई की पुरुष, कुणी विचारत नाही.)

पडलं, म्हणजे आपसूक पडलं?
की कुणी ओतलं आणि मग पडलं?
नीरु बित्तु, मी सांगितलो, स्टेनोनं घेतलं.
ओतणारा हात त्या वाक्यात नव्हता.
तो नव्हताच, असंही ते वाक्य म्हणत नव्हतं.

रेणू चार वर्षांची.
घर वडगावच्या मागच्या गल्लीत,
जिथं रात्री माग थांबले तर माणसं दचकून उठतात.
आई सुगंधा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला.
घरात बाप, भरमा. बादलीत हीटरची कॉइल.
वकील विचारतात, एवढ्या खडखडाटात
तुम्हाला पोरीचं ओरडणं आलं ऐकू?
गंगव्वा म्हणते, माग आम्हाला ऐकूच येत नाही वो.
बाकी सगळं येतं.

डॉक्टर हंचिनाळ फोटो मांडतात टेबलावर.
सांडलेलं पाणी, ते सांगतात, सरळ जात नाही.
खाली खाली निमुळतं होतं, कपड्यात अडकतं,
शिंतोडे सोडून जातं.
इथं घोट्यांच्या वर रेघ आहे, मोजे घातल्यासारखी,
दोन्ही पायांना एकाच उंचीवर.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
ही पाण्यानं ओढलेली.

ती आपणच उतरली बादलीत, भरमा म्हणतो, खेळत होती.
मॅडमनी बादली मागवली.
निळी, कडी तुटलेली, तळाशी अजून साबणाचा पापुद्रा.
शिपायानं पट्टी धरली. तेरा इंच.
रेणूचं ढोपर किती उंचावर, ते दवाखान्याच्या कागदात.
एक पाय कढत पाण्यात असताना
दुसरा आपणहून कोण टाकतं?
पंखा तेवढा फिरत होता.

पण डाव्या कोपरावर तीन शिंतोडेही आहेत.
आणि भरमानंच तिला उचलून, अनवाणी,
रिक्षाची वाट न बघता, सिव्हिलकडं धाव घेतली.
हेही गंगव्वाच सांगते.
जखमेवर टूथपेस्ट कुणी फासली, ते कुणालाच आठवत नाही.
उलटतपासणीत भरमा रडला.
रडणं टाइप होत नाही.

मॅडम म्हणाल्या, शिक्षेचं कोर्ट खाली आहे, वेगळं.
तिथं शंका उरली की माणूस सुटतो.
इथं मला एवढंच बघायचंय, पारडं कुठं झुकतं,
आणि आज रात्री ही पोर कुणाच्या घरी झोपणार.

निकाल कन्नडात. मी सुगंधाला वाचून दाखवलो.
'आकस्मिक' हा शब्द दोन्हीकडं तोच,
तो मी होता तसा पुढं दिला.
आकस्मिक असण्याची शक्यता कमी.

म्हणजे त्यानं केलं?
तसं लिहिलेलं नाही.
म्हणजे नाही केलं?
तसंही नाही.
मग काय लिहिलंय वो एवढी चौतीस पानं?
रेणू तुझ्याकडं, म्हणालो.
बापाला पहिला आणि तिसरा शनिवार, इथंच,
खेळण्यांच्या खोलीत, कुणीतरी समोर बसलेलं असताना.

पहिल्या शनिवारी फाइल न्यायला गेलो तर दार उघडं होतं.
पायांत मोजे, भर एप्रिलात.
रेणू प्लॅस्टिकच्या किटलीतून
त्याच्या तळहातावर नसलेलं पाणी ओतत होती.
त्यानं हात मागं घेतला नाही.
डोळे मात्र मिटले.
"गार हाय," ती म्हणाली.